बारा मीटरची बस उजळायची, तर भाव कसा काढायचा?

"कारचे चार हजार घेता ना तुम्ही? बस तिच्या तिप्पट. गाडीमागे बारा हजार घ्या आणि दिवाळीच्या आत सहाही गाड्या चकाचक करून द्या."

पुण्यातल्या एका ट्रॅव्हल्सच्या मालकांनी हा हिशोब चहाचा कप खाली ठेवायच्या आत माझ्यासमोर मांडला. पुणे-नागपूर धावणाऱ्या सहा एसी स्लीपर बस. माझा धंदा गाड्यांच्या डिटेलिंगचा. हिशोब चुकीचा होता, पण वेडगळ नव्हता. हॅचबॅक ४ मीटर लांब, बस १२ मीटर, म्हणजे तिप्पट. फक्त आम्ही गाडीची लांबी घासत नाही, पत्रा घासतो. आणि पत्रा घासायला माणूस लागतो, माणसाला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बस जागेवर उभी राहावी लागते. मोठ्या गाडीच्या भावाचं सगळं गणित या तीन गोष्टींत आहे.

ज्यांना डिटेलिंग म्हणजे महागडं वॉशिंग वाटतं त्यांच्यासाठी दोन ओळी. वॉशिंगमध्ये वरची माती जाते. डिटेलिंगमध्ये रंगात रुतलेलं डांबर, लोखंडाचे कण, बोअरच्या पाण्याचे डाग काढायचे, रंगावरचे बारीक ओरखडे मशीनने पॉलिश करून घालवायचे, त्यावर संरक्षक थर द्यायचा, आणि आतली गाडीही कोपऱ्याकोपऱ्यातून साफ करायची. कारसाठी हे एक-दीड दिवसाचं काम आहे. बससाठी किती दिवसांचं, ते नुसतं बघून सांगणारा माणूस एक तर फार अनुभवी असतो किंवा लवकरच कर्जात जाणार असतो.

आधी टेप लावा

बस १२ मीटर लांब. रुंदी २.६ मीटर, नियमानेच त्याहून जास्त नसते. उंची ३.६ मीटरच्या आसपास, त्यातून चाकांखालची मोकळी जागा वजा केली की ३.२ मीटर पत्रा राहतो. दोन्ही बाजू मिळून ७६.८ चौरस मीटर. पुढचं आणि मागचं तोंड मिळून १६.६. छत ३१.२. बेरीज १२४.६ चौरस मीटर, म्हणजे १,३४० चौरस फूट. पुण्यात एवढ्या जागेत ऐसपैस टू बीएचके होतो.

आता यातलं पॉलिश करण्याजोगं किती? स्लीपरला खिडक्यांच्या दोन रांगा असतात, त्यामुळे काच भरपूर, तीसेक चौरस मीटर सहज. चाकांचे कमान, जाळ्या, दिवे वजा करा. छत मी पॉलिशच्या हिशोबात धरतच नाही. ते कोणाला दिसत नाही, आणि त्यावरचं एसी युनिट बरीच जागा खाऊन बसलेलं असतं. छत धुवायचं मात्र नीट, कारण तिथे साचलेली माती पहिल्या सरीबरोबर बाजूंवर ओघळते आणि तुम्ही दोन दिवस घासलेल्या पांढऱ्या पत्र्यावर तपकिरी रेघा उमटतात. मालकाला मग छत नाही, रेघा दिसतात.

हे सगळं वजा जाता आमच्या बसवर ५८ चौरस मीटर रंग उरला. हॅचबॅकवर तो ९-१० असतो. म्हणजे तिप्पट नाही, सहापट. आणि हे फक्त बाहेरचं झालं. आत कारला पाच सीट असतात, स्लीपरला ३० बर्थ.

एक चौरस मीटर

क्षेत्रफळ कळलं म्हणून भाव कळत नाही. "फुटाला इतके रुपये" असा दर लावून मोकळे होणारे पुष्कळ आहेत, पण तो दर फरशी बसवताना ठीक. एकाच डेपोत शेजारी उभ्या असलेल्या दोन बसच्या रंगात जमीन-अस्मानाचा फरक असतो. एक रोज बोअरच्या पाण्याने धुतली जाते आणि उन्हातच वाळते, तिच्यावर क्षाराचे गोल डाग बसलेले. दुसरी आठवड्यातून एकदाच धुतली जाते, तिचा रंग उलट बरा असतो. जास्त धुतलेली गाडी जास्त खराब, हे मालकांना पटवणं अवघड जातं. पण क्लीनरच्या हातातलं ते एकच फडकं, जे चाकांवरूनही फिरतं आणि दारांवरूनही, तेच सॅंडपेपरचं काम करतं.

म्हणून माझा नियम असा, की बघायला जाताना पॉलिशर बरोबर न्यायचा. मास्किंग टेपने बसवर एक मीटर बाय एक मीटर चौकट आखायची. धुवायचं, डांबर काढायचं, क्ले (रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीची वडी) फिरवायचा, पॉलिश करायचं, पुसायचं. मोबाईलवर वेळ लावून. अशा दोन चौकटी, एक दाराच्या बाजूला, दुसरी मागच्या चाकामागे. चाकामागची जागा मुद्दाम निवडायची, कारण तिथे रस्त्यावरचं डांबर, काजळी, चाकांनी उडवलेली खडी सगळं येऊन बसतं. दाराशेजारची चौकट तुम्हाला खूश करते, चाकामागची खरं बोलते.

त्या बसवर नुसत्या पॉलिशला दोन्हींची सरासरी १८ मिनिटं आली. ५८ गुणिले १८ म्हणजे १,०४४ मिनिटं, सतरा तास आणि वर थोडी. यात शिडी सरकवणं, पॅड धुणं, वायर गुंतणं, चहा, फोन हे धरलेलं नाही. त्याचे २५ टक्के वर घाला. २२ तास झाले. हे एका माणसाचे २२ तास, हे लक्षात ठेवा.

चौकट मालकासमोर करायची. त्याचा दुसरा फायदा असा, की टेप सोलल्यावर त्यांना मधला चकचकीत चौकोन आणि आजूबाजूचा मळकट पत्रा शेजारीशेजारी दिसतो. त्यानंतर "पॉलिश कशाला हवं" हा प्रश्न पुन्हा निघत नाही. आणि उलटंही होतं. कधी चौकट करूनही फरक पडत नाही, रंग मेलेलाच असतो. अशा वेळी पॉलिशचे पैसे घेऊ नयेत, सरळ पेंटरचा पत्ता द्यावा.

रंग किती उरलाय

कारवर मी रंगाची जाडी मोजतो. कंपनीचा रंग साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतो, त्यातला वरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नास. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दर पॉलिशला त्यातला थोडा जातो, म्हणून किती शिल्लक आहे ते आधी बघायचं.

बसवर हे यंत्र अर्धवटच कामाचं. बाजूचे पत्रे लोखंडी असतील तर ते बोलतं. ॲल्युमिनियम असेल तर त्यासाठी वेगळ्या तत्त्वावरचं यंत्र लागतं, दोन्ही धातू ओळखणारं घेतलेलं बरं. पुढचं आणि मागचं तोंड बहुधा फायबरचं असतं, तिथे नेहमीचं यंत्र काहीच दाखवत नाही. वर बस कधी ना कधी घासलेली असते, डेंटरने लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी, भरून रंग मारलेला असतो. यंत्राने एकदम पाचशे-सातशे दाखवलं की समजायचं, आत लांबी आहे.

माझ्या सुरुवातीच्या काळात हे मला कळत नव्हतं. एका बसच्या मागच्या कोपऱ्यावर रोटरी मशीन जरा जास्त वेळ टेकलं, खालची जुनी लांबी तापली आणि हातभर रंग पापुद्र्यासारखा उठला. पेंटरला बोलावून तो कोपरा रंगवून दिला, रंग जुन्याशी जुळेना म्हणून अख्खं मागचं तोंड रंगवावं लागलं. त्या कामात जे मिळालं त्यापेक्षा जास्त गेलं. तेव्हापासून फायबरच्या तोंडांवर आणि लांबीच्या जागी फक्त हळू फिरणारं डीए मशीन (याचं पॅड फिरता फिरता थरथरतं, म्हणून रोटरीपेक्षा रंग कमी तापतो), मऊ पॅड, आणि कोटेशनमध्ये एक ओळ: आधी दुरुस्त केलेल्या भागाची चमक बाकीच्याशी जुळेलच असं नाही.

आणखी एक. बऱ्याच बसना वरचा पारदर्शक थर नसतोच, नुसता रंग असतो. पॅडवर रंग उतरायला लागला की ते कळतं. पांढऱ्या बसला पॅडवर खडूसारखी पांढरी पूड येते. घाबरायचं कारण नाही, पण पॅड दुप्पट वेळा धुवावा लागतो, आणि तो वेळ हिशोबात आला पाहिजे.

तासांची वही

मी बसचं काम रुपयांत नाही, माणूसतासांत मांडतो. एका माणसाने एक तास केलेलं काम म्हणजे एक माणूसतास. त्या बसचं गणित असं उभं राहिलं.

छतासकट धुणं, खालचा चिखल काढणं आणि वाळवणं ८ तास. डांबर, लोखंडी कण, क्ले ६. मास्किंग, म्हणजे पॉलिश लागू नये असे भाग टेपने झाकणं, ३. पॉलिश २२. संरक्षक थर लावून पुसणं ३. काचा ५. चाकं ३. आतलं काम १८.५. शेवटची तपासणी आणि राहिलेलं ३. बेरीज ७१.५, म्हणजे ७२ धरू.

मास्किंगला ३ तास बघून लोक हसतात. बसवर रबरी बीडिंग मैलभर असते, आणि पॉलिश रबरावर सुकलं की पांढरे डाग महिनोन् महिने जात नाहीत. शिवाय पुढे पांढऱ्या, मागे लाल, बाजूंना पिवळ्या परावर्तक पट्ट्या असतात. त्यांच्यावर मशीन फिरलं की त्या निकामी होतात, आणि पासिंगला, म्हणजे फिटनेस तपासणीला, गाडी अडकते. आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक गाडीचं फिटनेस दर दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी. मालकाला पासिंग कधी आहे ते विचारून घ्या, बऱ्याचदा डिटेलिंगचा मुहूर्त त्यावरच ठरतो.

काचांचे ५ तास हे नुसत्या साफसफाईचे. पाण्याचे जुने डाग काचेतून काढायचे तर सिरियम ऑक्साइडची पेस्ट घेऊन एकेक काच घासावी लागते. तीस चौरस मीटर काच तशी करायला घेतली तर पॉलिशइतकाच वेळ जाईल. म्हणून मी फक्त ड्रायव्हरची पुढची काच आणि आरसे तसे करतो, बाकीचं वेगळ्या दराने विचारतो. काही जण यावर सोपा उपाय म्हणून ॲसिड वापरतात. काच क्षणात स्वच्छ होते, हे खरं. पण त्यातल्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते काच खातं, ॲल्युमिनियमची चाकं काळवंडवतं, आणि कातडीवर पडलं तर आत हाडापर्यंत इजा करतं. माझ्या शेडमध्ये ती बाटली येत नाही.

तासाचा भाव

इथे सगळ्यात जास्त लोक बुडतात. कामावरच्या एका मुलाला महिना २०,००० पडतात, चहा-नाश्ता धरून. महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे ८ तास, म्हणजे २०८ तास. २०,००० भागिले २०८, तासाला ९६ रुपये. चुकलं.

कारण २०८ तास कोणी गाडीवर हात चालवत नाही. गाडी यायची वाट बघणं, शेड झाडणं, सामान आणणं, पावसात रिकामं बसणं. मी वर्षभर वही ठेवली तेव्हा खरे बिलात येणारे तास १२५ च्या आसपास निघाले. म्हणजे मजुरी तासाला १६० रुपये. शेडचं भाडं, वीज, मशीनची झीज, विमा, फोन असे महिन्याचे ९०,००० धरा. सहा मुलांचे ७५० तास, तासाला १२० रुपये. एकूण २८०. तुमचे आकडे वेगळे असतील, गावाप्रमाणे बदलतील. पद्धत हीच.

७२ तास गुणिले २८० म्हणजे २०,१६०. त्यावर कंपाउंड (पॉलिशची पेस्ट), पॅडची झीज, सीलंट (संरक्षक थराचं), शाम्पू, टेप, मायक्रोफायबर मिळून ८,३००. बसला आमच्या नेहमीच्या शिड्या पुरत नाहीत, म्हणून भाड्याचे घोडे-फळ्या (उभे स्टँड आणि त्यांवर टाकायच्या फळ्या) आणि पाण्याचा टँकर असे २,५००. झाले ३०,९६०. यावर १० टक्के अनपेक्षित गोष्टींसाठी. ती रक्कम मी नफा समजत नाही, ती कुठे ना कुठे जातेच. ३४,०५६.

आता नफा २० टक्के हवा. बहुतेक जण ३४,०५६ वर २० टक्के चढवतात आणि ४०,८६७ सांगतात. पण त्यातले ६,८११ म्हणजे विक्रीच्या साधारण १६.७ टक्केच. विक्रीचे २० टक्के हवे असतील तर खर्चाला ०.८ ने भागायचं: ४२,५७०. गोल करून ४२,५००. सहा बसवर हा फरक दहा हजार रुपयांच्या घरात जातो.

यावर जीएसटी १८ टक्के, ७,६५०. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही, पण सहा बसचं काम घेणारा त्या रेषेजवळ पोचलेलाच असतो. इनपुट क्रेडिट (बिलात भरलेला जीएसटी स्वतःच्या करातून वळता करणं) न घेणाऱ्या मालकाला हे ७,६५० खरोखर खिशातून जातात, म्हणून "अधिक जीएसटी" हे दोन शब्द कोपऱ्यात न लिहिता पूर्ण रक्कम लिहावी. मालकाला कर कापणं बंधनकारक असेल तर एका बिलाला ३०,००० च्या वर टीडीएसही, म्हणजे बिलातूनच आगाऊ आयकर, कापला जातो. तुमचा धंदा एकट्याच्या मालकीचा असेल तर १ टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर २, आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो सोडून उरलेल्या रकमेवर. ते पैसे बुडत नाहीत, विवरणपत्रात हिशोबाला येतात.

मालक काय मोजतो

मी ४२,५०० सांगितले तेव्हा मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण घासाघीस पैशांवर सुरू झाली नाही. त्यांनी विचारलं, "गाडी किती दिवस उभी?"

धंद्यातल्या माणसाचा हाच पहिला प्रश्न असतो. पुणे-नागपूर सातशे किलोमीटरच्या आसपास. लिटरला ४ किलोमीटर धरलं तर १७५ लिटर, ९० च्या भावाने १५,७५० रुपयांचं डिझेल. टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. पितृपक्षात बुकिंग थंड असतं. धरा, वीस बर्थ गेले हजार रुपयांनी, २०,००० आले. डिझेल-टोल वजा जाता हातात काय उरतं? तेव्हा एक रात्र गाडी उभी राहिली तर नुकसान जवळजवळ नाहीच. तीच बस दिवाळीच्या आधीच्या शनिवारी तीस बर्थ दोन हजारांनी भरते, ६०,००० आणते. तेव्हा उभं राहणं म्हणजे माझ्या अख्ख्या बिलाएवढं नुकसान.

म्हणून मी त्यांना पैसे कमी करून दिले नाहीत, तारखा दिल्या. गणपती गेल्यावर लगेच सुरुवात, नवरात्राच्या आत निम्म्या गाड्या, दोन गाड्यांत अंतर ठेवून. एकेका बसला दोन पूर्ण दिवस. मालकांची मूळ कल्पना अशी होती, की गाडी सकाळी ८ ला नागपूरहून येते, संध्याकाळी ६ ला सुटते, त्या मधल्या वेळात थोडं थोडं करा. तसं करता येतं. पण दर खेपेला गाडी नव्याने मळून येते, तिला पुन्हा धुवावं लागतं, मास्किंग पुन्हा. तीन तुकड्यांत काम केलं तर ७२ चे ८५ तास होतात, आणि अर्धी पॉलिश झालेली बस रस्त्यावर चितकबरी दिसते.

माझ्याकडे सहा मुलं, पण सगळी बसवर लावली तर नेहमीच्या कारवाल्यांना काय सांगणार? चार जण बसवर, नऊ तास, दोन दिवस: ७२ तास. काम ७२ तासांचं, वेळ ७२ तासांचा. कागदावर हे सुंदर दिसतं आणि प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी रात्री अकराला टॉर्च घेऊन पुसत बसायला लागतं.

तेव्हा काम कमी केलं. वरच्या खिडक्यांच्या वरचा आणि दोन रांगांमधला पट्टा, सुमारे २० चौरस मीटर, फक्त साफ करून संरक्षक थर द्यायचा, मशीन लावायचं नाही. डोळ्यांच्या उंचीवरचं आणि फोटोत येणारं तेवढं पॉलिश. २२ तासांचे १४ झाले, एकूण ६४. तास आणि कंपाउंड-पॅडचा खर्च दोन्ही घटल्यामुळे भाव ४२,५०० वरून ३७,८०० वर आला, आणि चार मुलांचे मिळून ८ तास हातात राहिले. कोटेशन देताना हे करता आलं पाहिजे: रक्कम उतरवायची तर काम उतरवायचं, आणि कोणतं उतरवलं ते लिहायचं. तेवढंच काम तसंच ठेवून पाच हजार सोडले, तर पुढच्या वेळी मालक दहा सोडायला सांगणार. त्यांचं काही चुकत नाही.

ऊन, पाणी, गादी

बस शेडमध्ये मावत नाही. ३.६ मीटरची गाडी आत घ्यायची तर दार चार मीटरच्या वर हवं. त्यामुळे काम उघड्यावर, आणि उघड्यावर ऊन. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड सुकतं आणि पुसता पुसत नाही. उपाय फुकटचा आहे: बस उत्तर-दक्षिण उभी करा. सकाळी पूर्वेच्या बाजूला ऊन, तेव्हा पश्चिमेची बाजू करा. दुपारनंतर उलट. बस उभी करताना हे सुचलं नाही तर दिवसभर उन्हाच्या मागे मशीन घेऊन धावायला लागतं. सप्टेंबरात परतीचा पाऊस येतो, त्यासाठी ताडपत्री हाताशी.

पाणी भरपूर लागतं असं वाटतं, पण प्रेशर वॉशर मिनिटाला दहा लिटर सोडत असेल आणि बंदूक प्रत्यक्ष अर्धा तास दाबली गेली तर ३०० लिटर. प्रश्न पाणी किती यापेक्षा कसलं हा आहे. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याने केलं तर जे डाग काढायचे तेच पुन्हा बसतात. टँकर त्यासाठी. ओली जमीन आणि विजेची मशीन एकत्र असतात, तेव्हा ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय पॉलिशर जोडू देऊ नका. आणि ओल्या फरशीवर शिडी नको. दोन घोडे आणि मध्ये फळी, माणूस सरळ उभा राहून काम करतो, कंबर वाचते, वेगही वाढतो.

आत ३० बर्थ, एकेकाला २५ मिनिटं, साडेबारा तास. रॅक, मधली वाट, ड्रायव्हरची केबिन, डिकी, एसीच्या जाळ्या असे आणखी ६. बर्थला रेक्झिन असेल तर काम सरळ आहे. कापडी गादी असेल तर पाणी मारून उपसायचं आणि मग वाळायला सहा-आठ तास. संध्याकाळी ६ ला गाडी सुटणार असेल तर सकाळी दहानंतर गादी ओली करायची नाही, नाहीतर प्रवासी रात्रभर ओल्या वासात झोपतात आणि सकाळी त्याचं रेटिंग मालकाच्या मोबाईलवर असतं. म्हणून आतलं काम पहिल्या दिवशी पहाटे सुरू करतो. दुपारी बंद बसच्या आत भट्टी असते, एसी लावायचा तर इंजिन चालू ठेवावं लागतं, आणि त्याचं डिझेल कोणाचं हे आधी बोललेलं बरं.

वासाबद्दल एक सांगतो. लोक अत्तरं फवारतात. बसमधला तो ओळखीचा कुबट वास बहुतेक वेळा एसीच्या परतीच्या हवेच्या जाळीतून येतो, ती काढून धुतली की निम्मा जातो. ढेकणांचा प्रश्न असेल तर तो आपला नाही, पेस्ट कंट्रोलवाला वेगळा, बिल वेगळं.

गाडी ताब्यात घेताना ड्रायव्हरबरोबर फेरी मारून व्हिडिओ काढायचा. फुटलेला इंडिकेटर, तडकलेली काच, बंद पडलेले चार्जिंग पॉइंट बर्थ नंबरसकट, सगळं बोलून. बर्थखाली सापडलेल्या वस्तू पिशवीत, पिशवीवर बर्थचा नंबर. गाडी उभी करताना ४० टक्के, चावी परत देताना बाकी. सहा गाड्यांचा एकदम भाव ठरवायचा आग्रह झाला तेव्हा मी पहिल्या बसचा पक्का दिला आणि उरलेल्या पाचांचा पहिली झाल्यावर देतो म्हणालो. सवलत कुठे देता येईल हे तेव्हा कळतं: घोडे-फळ्यांचं भाडं, घाऊक घेतलेलं कंपाउंड यात. हाताच्या तासात सवलत निघत नाही, सहावी बसही पहिलीएवढीच लांब असते.

पहिली बस ६४ तासांची ठरली होती, ७१ लागले. वही काढून बघितलं तर आतल्या कामात एक तास उलट वाचला होता. टँकर उशिरा आला म्हणून दोन गेले. बाकीचे सहा मागच्या तोंडावर गेले होते: जुन्या बुकिंग ॲपचं स्टिकर कोणीतरी कधीतरी ओरबाडून काढलं होतं, खालचा डिंक उन्हात भाजून पत्र्याला चिकटला होता, आणि मी दोन्ही चौकटी बाजूंवर आखल्या होत्या, मागे नाही. दुसऱ्या बसच्या कोटेशनला गेलो तेव्हा तिसरी चौकट मागे आखली आणि डिंकाची ओळ वेगळी लिहिली. मालकांनी ती वाचली, मागे जाऊन नखाने खरवडून बघितलं, आणि सही केली.